आवाज होऊ नये म्हणून

थर्मामीटरचं वाक्य मध्येच तुटलं. तोंड उघडं राहिलं, हातातलं पेन हवेत राहिलं, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम आपापल्या वह्यांत गेल्या. दादांकडे कोणी पाहिलं नाही. एकानंही नाही. इतक्या माणसांपैकी एकाचीही नजर चुकूनसुद्धा आपल्यावर पडू नये, यावरूनच दादांना कळलं की वाक्य आपल्याबद्दल होतं.

वर्ग इंग्रजीचा होता. प्रयोगशाळेचं काम तपासायला बाहेरची मंडळी येणार, ती इंग्रजीत प्रश्न विचारणार, आणि आपली माणसं कामात वाघ असली तरी इंग्रजी कानावर पडलं की त्यांची शेळी होते, म्हणून मोठ्या साहेबांनी जेवणाच्या सुट्टीनंतर हा वर्ग लावला होता. शिकवायला एक तरुण बाई येत. त्यांना सगळे मिस म्हणत. मिस म्हणताना पन्नाशीची माणसंसुद्धा शाळकरी होऊन जात. मिस रोज फळ्यावर एक वाक्प्रचार लिहीत, त्याचा अर्थ सांगत, आणि मग प्रत्येकानं आपल्या आयुष्यातलं एक वाक्य त्यावर करायचं. आज फळ्यावर होतं, ‘वॉकिंग ऑन एगशेल्स’. अंड्यांच्या टरफलांवरून चालणं.

“आधी अंडी कोणी खाल्ली ते सांगा, मिस,” थर्मामीटर म्हणाला होता. तापमान विभाग त्याच्याकडे होता आणि स्वभावही त्याच जातीचा, चटकन चढणारा; त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई. “खाणारे खाऊन गेले आणि आम्ही टरफलांवरून चालायचं, हा कुठला न्याय?”

सगळे हसले. मिसही हसल्या. मग म्हणाल्या, “एखाद्या माणसाशी फार जपून वागणं. तो कधी दुखावेल, कशानं बिथरेल, सांगता येत नाही, म्हणून त्याच्या आसपास प्रत्येक शब्द तोलून बोलणं. मराठीत काय म्हणाल याला?”

“ताक फुंकून पिणं,” स्टोअरकीपर म्हणाला.

“ते वेगळं,” दादा म्हणाले होते. त्यांना अशा गोष्टींत गोडी होती. जवळजवळ बरोबर असलेलं काही ऐकलं की त्यांना चैन पडत नसे. “ताक फुंकून पिणाऱ्याचं तोंड आधी दुधानं पोळलेलं असतं. तो स्वतःला जपतो. हा दुसऱ्याला जपतोय. जपून पाऊल टाकणं म्हणावं, तर त्यात तो दुसरा माणूसच दिसत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द नसावा.”

“शब्द नाही म्हणून काय झालं, गोष्ट आहे ना!” असं म्हणत थर्मामीटर शाळेतल्यासारखा उभा राहिला होता. “मी सांगतो वाक्य. इन अवर लॅब, वी ऑल वॉक ऑन एगशेल्स अराउंड...”

आणि तिथे ते तुटलं. “अराउंड हूम?” मिसनी उत्साहानं विचारलं, त्या नव्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. “अराउंड द बिग बॉस,” थर्मामीटर म्हणाला, पण उशिरा म्हणाला, आणि कोणी हसलं नाही. मोठ्या साहेबांवर विनोद व्हावा आणि कोणी हसू नये, असं त्या टेबलावर आजवर घडलं नव्हतं.

वर्ग संपल्यावर दादा आपल्या वजनखोलीत आले. बाहेर बूट काढले, कापडी सपाता घातल्या, दार पाठीमागे इतक्या हळू लावलं की कडी बसल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. हे त्यांना मुद्दाम करावं लागत नसे. दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत तराजू होता, केसाच्या तुकड्याचंही वजन सांगणारा. कारखान्यांतली, औषधवाल्यांची, सोनारांची वजनं इथे तपासायला येत. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं. काचेचं दार सरकवल्यावर थांबायचं. आतली हवा शांत होईपर्यंत, आपल्या हाताची ऊब निघून जाईपर्यंत थांबायचं. शेजारच्या पॅसेजमधून कोणी टाचा आपटत गेलं तर आकडा हलतो. कोणी मोठ्यानं हसलं तरी हलतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत दादांनी या पॅसेजसाठी किती भांडणं केली होती! ‘सावकाश चाला’ अशी पाटी लावली, तर कोणीतरी खाली लिहून ठेवलं, ‘आत बाळ झोपलं आहे.’ लोक ऐकत नसत. आणि मग गेल्या दोनेक वर्षांत सगळे अचानक ऐकायला लागले. पॅसेजमधली पावलं हलकी झाली. दादा दिसले की गप्पांचा सूर खाली यायचा, दारं अलगद लागायची. दादांना बरं वाटलं होतं. चला, उशिरा का होईना, माणसांना तराजूचं महत्त्व कळलं. त्यांनी मोठ्या साहेबांना तसं बोलूनही दाखवलं होतं, “हल्ली शिस्त आली आहे हो आपल्याकडे.” साहेबांनी खिडकीबाहेर बघत ‘हो, हो’ केलं होतं. ते ‘हो, हो’ आता दादांना पुन्हा ऐकू आलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या. ती माणसं तराजूला जपत नव्हतीच. तराजूपासून लांब, कँटीनमध्ये, जिन्यात, मोटारस्टँडवरही ती अशीच हलक्या पावलांची होती. ते दादांना दिसलंही होतं. पण ज्या माणसाचा सगळा दिवस हळू चालण्यात जातो, त्याला दुसऱ्याच्या हळू चालण्यात वावगं काय वाटणार?

एकेक गोष्ट मग आपणहून पुढे यायला लागली. सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे त्यांच्या मुलांचे फोटो. पूर्वी ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे तोंड करून असत, हल्ली भिंतीकडे वळलेले असत, आणि दादांना वाटलं होतं, उजेड पडतो म्हणून फिरवले असतील. स्टोअरकीपरची मुलगी डॉक्टरकीला लागली हे त्यांना बँकेच्या रांगेत एका परक्या माणसाकडून कळलं होतं, आणि त्यांनी मनात स्टोअरकीपरला पोटात ठेवणारा, आतल्या गाठीचा म्हटलं होतं. सहलीला दादांना कोणी आग्रह केला नाही, तेव्हा त्यांना वाटलं, माझं वय झालं. जगाचा आवाजच कमी झाला आहे असं त्यांना दोन वर्षं वाटत होतं. पोर गेल्यावर माणसाला असंच ऐकू येत असेल, कापसातून आल्यासारखं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. कापूस आपल्या कानात नव्हता, लोकांनी स्वतःच्या तळपायांना बांधला होता, हे कळायला एका परक्या भाषेतला वाक्प्रचार लागावा!

दारावर टकटक झाली. टकटकही नव्हे, नुसतं बोट टेकवलं. थर्मामीटर सपाता घालून आत आला आणि चूक केलेल्या पोरासारखा उभा राहिला.

“दादा, ते मघाशी...”

“वाक्य पूर्ण कर.”

“इंग्रजीत पुढचं येत नाही मला.”

“मराठीत कर.”

थर्मामीटरनं तराजूकडे पाहिलं, जणू आपल्या बोलण्यानं आकडा किती हलेल याचा अंदाज घेत होता. “दादा, मी आजोबा झालो. तुमची पोर गेली त्याच महिन्यात झाली नात. तुम्हाला सांगायचं राहिलं.”

“राहिलं?”

“नाही सांगितलं.”

“आता केवढी आहे?”

“पळते. घरभर पळते. सगळं ओढून पाडते.” त्याचा चेहरा एकदम फुलला, आणि दादांच्या डोळ्यांदेखत त्यानं तो विझवला. दिवा मालवावा तसा. इतक्या सफाईनं, की हे त्यानं किती वेळा केलं असेल ते दादांना समजलं.

“असं वागायचं कोणी ठरवलं? सभा भरवली होती का?”

“सभा कसली, दादा! तुम्ही कामावर परत आलात त्या दिवशी कँटीनमध्ये कोणीतरी पोरांच्या परीक्षांचं काढलं. तुम्ही काही बोलला नाहीत. ताट सरकवलंत आणि उठलात. नुसते उठलात. पण तुमचं तोंड असं झालं होतं की... त्या दिवसापासून कोणाच्या घशाखाली तुमच्यासमोर घास उतरेना. ठरवायचं काय त्यात?”

“मला शिवी द्यायची होतीस.”

“तुम्हाला?” थर्मामीटर कसनुसा हसला. “तुम्ही भडकणारे असता तर दिली असती. भडकणाऱ्याची भीती वाटत नाही हो, मी रोज भडकतो, कोण घाबरतं?”

तो गेला. जाताना दार त्यानं अगदी हळू लावलं, आणि आता या हळूपणाचं काय करायचं ते दादांना कळेना.

संध्याकाळी ते बसनं न जाता चालत निघाले. ऑफिसं सुटली होती, फुटपाथवर गर्दी होती, दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी मारून कोणी धूळ बसवत होतं. दादांच्या डोक्यात तो वाक्प्रचार बुटात घुसलेल्या खड्यासारखा टोचत होता. त्यांची सवय होती, कशाचाही अर्थ लागला की तो लागतो कसा हे बघायची. टरफलांवरून चालणं. टरफल म्हणजे आतलं गेलेलं. जे जपायचं, बलक, पांढरं, जीव, ते केव्हाच नाही. आणि टरफलही अख्खं नाही, फुटलेलंच आहे. म्हणजे चालणारा ते फुटू नये म्हणून जपतच नाही, फुटण्यासारखं काही उरलेलंच नाही. मग तो भितो कशाला? त्यांनी रस्ता ओलांडला, पलीकडे जाऊन उभे राहिले, आणि उत्तर आलं. आवाजाला. फुटलेलंच पुन्हा फुटतानाचा तो कर्र असा आवाज, तेवढा होऊ नये. सगळी माणसं त्या एका आवाजाला भिऊन पाय उचलून ठेवत होती, आणि मधोमध आपण, टरफलांच्या ढिगात बसलेले, जणू हालचाल केली तर आपल्यालाच लागेल.

आणि घरी? या प्रश्नावर त्यांची चाल मंदावली. घरी तर फक्त बायको होती. तिची बॅग परवापासून पलंगाशेजारी उघडी पडून होती. रविवारी ती बहिणीकडे निघाली होती. “महिनाभर राहीन म्हणते,” ती म्हणाली होती, “लागलं तर जास्तही.” “राहा की,” ते म्हणाले होते. बहिणीला बरं नव्हतं असं काही नव्हतं. सणवार, लग्नकार्य, काही नव्हतं. कशाला जातेस, हे दादांनी विचारलं नव्हतं, कारण मनात खोल कुठेतरी त्यांनी तिच्याबद्दल एक निकाल देऊन टाकला होता, आणि निकाल दिल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही. निकाल असा होता, की ही विसरली. भिंगरीला विसरली. भिंगरी म्हणजे त्यांची पोर. एका जागी कधी ठरली नाही म्हणून रांगत्या वयापासून घरात तेच नाव पडलेलं. सतराव्या वर्षी हाडांत दुखणं निघालं, कळलं तेव्हा फार पुढे गेलेलं, आणि भिंगरी दवाखान्याच्या खाटेवर एका जागी ठरली. ती गेल्यावर थोड्याच दिवसांत बायकोनं तिचे कपडे वाटून टाकले, पलंग काढून तिथे कपाट आणलं, आणि तोंडातून नाव काढणं सोडलं. ती स्वयंपाक करायची, महागाईवर बोलायची, वरच्या मजल्यावरच्यांच्या नळाच्या तक्रारी करायची. दादा रात्रीच्या जेवणाला समोर बसून तिच्याकडे बघत आणि त्यांना वाटे, कसं जमतं हिला? बाईमाणूस दगडाचं असतं असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि आपल्याला असं वाटलं याचीही त्यांना लाज वाटली नव्हती.

पण एकदा ती बोलली होती. अगदी सुरुवातीला. दादा समोर जेवत होते आणि ती बटाटे सोलता सोलता सहज म्हणाली होती, “भिंगरी असती तर सालीसकट खाल्ले असते.” म्हणताना ती हसलीसुद्धा होती थोडी. आणि दादा? दादांनी काय केलं होतं? ते फुटपाथवर थांबले. मागून येणारा कोणी त्यांच्यावर आदळला, “काका, चालताय की झोपताय?” म्हणून पुढे गेला. दादांनी काही केलं नव्हतं. ताट सरकवलं होतं आणि उठले होते. नुसते उठले होते.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर जिन्याला लागून शिवणवालीची खोली होती. दादा जिन्याकडे वळले आणि आतलं मशीन थांबलं. रोज थांबत असेल का? त्यांनी दारातून डोकावलं. शिवणवाली साठीची, दातांत टाचण्या धरून बोलणारी. सगळ्या बिल्डिंगची मापं आणि निम्म्या बिल्डिंगची गुपितं तिच्याकडे असत.

“या भाऊ. पँट ढिली झाली का? झालीच असणार, अंगावर काही राहिलंय का तुमच्या!”

“आमची येते का तुमच्याकडे?”

तिनं टाचण्या दातांतून काढून उशीत खोचल्या. “येते.”

“काय शिवायला?”

“काय शिवायला...” तिनं सुस्कारा सोडला. “भाऊ, तुमच्या घरात उशा किती? दोन ना? वर्षभर मी त्यांचे अभ्रे शिवतेय. वर बसून उसवते, खाली आणून शिवून घेते. पहिल्यांदा मला वाटलं, बाईच्या हाताला काही झालंय. मग कळलं, बसायला कारण लागतं. मी मशीन चालू ठेवते, ती बोलते. मशीन चालू असलं की वर ऐकू जात नाही म्हणते.”

“काय बोलते?”

“तुम्हाला माहीत नाही काय बोलत असेल?” शिवणवालीचा आवाज एकदम रागावला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणी दादांवर रागावलं होतं. “तुमची पोर मला तोंडपाठ आहे. मी तिला धड दोनदाही पाहिली नसेल. पण कोणत्या दाताला कीड होती तेही सांगेन. हे तुमच्यापाशी व्हायला हवं होतं, माझ्यापाशी नाही. आणि आता बहिणीकडे निघालीय. का, तर तिथे मशीन लागत नाही. जा वर. मला काही विचारू नका, मी सांगितलं म्हणूनही सांगू नका.”

वर दार उघडंच होतं. ती ओट्याशी उभी होती, तांदूळ धुवत. “आज उशीर?” तिनं विचारलं, आणि वळून त्यांच्या चेहऱ्याकडे एक ओझरता दृष्टिक्षेप टाकला. दादांनी तो आज प्रथमच नीट पाहिला. तो बायकोचा नवऱ्याकडे टाकलेला दृष्टिक्षेप नव्हता. ते स्वतः तराजूच्या आकड्याकडे जसं बघत तसा होता, स्थिर झालाय का, बोलायला हरकत नाही ना, असा. आणि आकडा ठीक वाटला असावा, कारण तिनं नळाविषयी काही सांगायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरचे, पाणी, कालपासून. दादा खुर्चीवर बसून ऐकत राहिले. बोलायचं कसं? ‘चल, आपण भिंगरीबद्दल बोलू,’ म्हणायचं? ते म्हणतानाच चेहऱ्याचं काय होईल ते त्यांना माहीत होतं, आणि तो चेहरा बघून ती लगेच म्हणेल, ‘असू द्या हो, चहा टाकू?’ जिवंत मुलांबद्दल लोक कसं बोलतात? थर्मामीटर कसं बोलत होता? सगळं ओढून पाडते. कुरकूर करतात. तक्रार करतात.

“भिंगरी गणितात ठोंब होती,” दादा म्हणाले.

तिच्या हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं. पाणी हिंदकळून सांडलं. ती वळली नाही.

“माझी मुलगी असून,” दादांनी रेटून नेलं. आवाज परका, चिरका निघत होता. “साधा भागाकार यायचा नाही. आणि विचारलं की खोटं बोलायची. झालाय म्हणायची गृहपाठ, झालेला नसायचा.”

मग ती वळली, ओले हात तसेच लोंबत ठेवून. “ठोंब नव्हती,” ती म्हणाली. हळू म्हणाली. “गणितात चांगली होती ती. बाईंनी सांगितलं होतं मला.”

“मग मी शिकवायला बसलो की—”

“तुम्ही शिकवायला बसलात की येत असलेलंही विसरायची!” आता आवाज हळू नव्हता. “एक चुकलं की तुमचं तोंड असं व्हायचं, की जणू तिनं तुमच्या छातीत काही खुपसलंय. म्हणून झालाय म्हणायची. खोटं बोलायची नाही ती. तुम्हाला वाचवायची!”

“मी कधी तिला मारलं? कधी ओरडलो?”

“ओरडायला हवं होतंत! ओरडला असतात तर तीही ओरडली असती, पाय आपटून गेली असती, संपलं असतं. तुम्ही दुखावता. गप्प होऊन दुखावता. माझ्या आईनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, जावई सोन्यासारखा आहे गं, पण जरा लागलं की चरा पडतो. तेव्हापासून बघतेय मी. माझं सगळं आयुष्य तुमच्या तोंडाकडे बघण्यात गेलं.” ती हे बोलता बोलता स्वतःच दचकली. दादांनी पाहिलं, ती आता माघार घेणार, हात पुसणार, चहाचं काढणार. ती माघार घेऊ नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर या एवढ्या माऱ्यात हाताशी काहीतरी धरायला असावं म्हणूनही, दादांनी आपल्याकडची एकमेव चांगली गोष्ट पुढे केली.

“दवाखान्यात तरी मी कोणाला त्रास दिला नाही. मी कामावरून येऊन बसलो की ती शांत झोपायची. परिचारिकासुद्धा म्हणायची, बाबा आले की हिला झोप लागते. माझा हात कपाळावर असला की लागायची. एवढं तरी मी तिला—”

तिनं नजर दुसरीकडे वळवली, आणि तिच्या ओठांची ती हालचाल दादांना दिसली, चिमट्यानं वजन उचलून पुन्हा डबीत ठेवल्यासारखी.

“काय?” दादांनी विचारलं.

“काही नाही. झोपायची. हो.”

“सांग.”

“अहो, राहू द्या ना.”

“सांग म्हणतो ना.”

“झोपायची नाही,” ती म्हणाली. मग खाली बघून, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागली. “पॅसेजमधून तुमची पावलं ओळखायची. म्हणायची, आई, बाबा आले, मला सरळ कर. केस मागे घे. कपाळावरचा घाम पुसायला लावायची. आणि डोळे मिटायची. तुम्ही बसलेले असेपर्यंत तिनं एकदाही हूं केलं नाही. तुम्ही म्हणायचात, बघ कशी गाढ झोपलीय, आणि मी हो म्हणायचे, आणि पांघरुणाखाली तिनं माझं मनगट धरलेलं असायचं. नखं रुतायची. तुम्ही गेलात की मग... तुम्ही लिफ्टमध्ये शिरल्याचा आवाज ऐकून मग रडायची. एवढा वेळ धरून ठेवायची पोर.”

दादांना खुर्चीचे हात जाणवले. काचेचं दार सरकवून आतली हवा शांत होण्याची वाट बघावी तसे ते वाट बघत राहिले, पण आत काही शांत होईना. त्या संध्याकाळा. खिडकीतला उतरता उजेड, कपाळाचा ओलसर गारवा, आणि आपण पुटपुटत बसलेलो, झोप बाळा, झोप. दोन वर्षं तेवढ्यावर ते उभे होते. जगात मी काही केलं नसेल, पण माझ्या पोरीला झोपवलं. आता ती बंद पापण्यांमागून जागी होती, सगळ्या संध्याकाळभर जागी, बाबांना लागू नये म्हणून. ऑफिसातली माणसं, बायको, ही सगळी मागून आली. पहिली भिंगरीच चालली होती या टरफलांवरून, मोडक्या हाडांनिशी.

त्यांनी वर पाहिलं. बायको त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा घाबरला होता.

“बघा,” ती म्हणाली. “झालं ना? म्हणून नव्हते सांगत. मी रविवारी जाते. मला तिच्याबद्दल बोलायचं असतं हो, दिवसभर बोलायचं असतं, आणि इथे तुमचं हे असं होतं. मला नाही बघवत. मी परत येईन की नाही तेही मला ठाऊक नाही.”

“जा,” दादा म्हणाले. “पण आज सांग.”

“कसं सांगू? तुमच्याकडे बघितलं की माझ्या तोंडातून—”

मग दादा उठले. ते उठले तशी ती एक पाऊल मागे सरली. ते उठणं तिच्या ओळखीचं होतं. पण ते बाहेर गेले नाहीत. त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि तिच्याकडे पाठ करून बसले. समोर नुसती भिंत होती, रंगाचा पोपडा निघालेली.

“आता बोल,” ते भिंतीला म्हणाले.

नळ थेंबथेंब गळत होता. दादा हलले नाहीत. आणि मग, कधी तरी, तिनं घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि ती बोलायला लागली. आधी तुटक, मग सलग. भिंगरी म्हणाली, भिंगरीला हवं होतं, भिंगरीनं एकदा तुम्हाला न सांगता. ती मध्ये हसली, मध्ये दादांना वाटेल ते बोलली, मध्ये मोठ्यानं रडली, इतक्या मोठ्यानं की खालचं मशीन थांबलं. एकदा तिनं विचारलं, “ऐकताय ना?” दादांनी मान हलवली. चेहऱ्याचं काय होत होतं ते त्यांनी होऊ दिलं. तो बघणारं त्या बाजूला कोणी नव्हतं.